पंखा बंद करा

(पडद्यावर होयाच्या फुलांचा गुच्छ. चित्र डुलतंय, मधूनच स्पष्ट होतंय.)

पंखा बंद आहे. खिडकीही लावलेली. तरी फूल हलतंय.

खरं तर हलतोय आपणच.

हा होया, कुंडीतला एक वेल. एका दांड्यावर चांदण्यांचा झुबका, एकेक चांदणी शर्टाच्या बटणाएवढी. पाकळीवर मखमली लव. मधोमध दुसरी छोटी चांदणी, मेणाची घडवल्यासारखी. तिच्या कडेला मधाचा एक थेंब लोंबतोय. तो टिपायचाय. ट्रायपॉड या कुंड्यांच्या गर्दीत मावत नाही, म्हणून कॅमेरा हातात.

मॅक्रो लेन्स घेऊन इतकं जवळ जायचं, की फूल सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उमटेल. याला म्हणतात एकास एक. इथे फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात एफ ८ ला जेमतेम १ मिलिमीटरचा पापुद्रा स्पष्ट दिसतो. (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप; आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक.) थेंब धरला तर लव सुटते. आणि नुसता श्वास घेतला तरी आपण त्याहून जास्त मागेपुढे होतो. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, हे पुढेमागे झुलणं मात्र नाही. एफ २२ वर जावं, तर पापुद्रा जाड होतो, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडतं.

म्हणून ऑटोफोकस बंद. रिंग एकदा लावली की तिला हात लावायचा नाही. फोकस करायचा तो कंबरेतून. कोपरं बरगड्यांना टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा, तसूभर पुढे झुकायचं. थेंब लखलखला की सलग पाच-सहा फोटो. त्यातले बहुतेक वायाच जाणार, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

(जवळून : डावा हात, दोन बोटांत दांडा.)

माझी आवडती युक्ती ही. डाव्या हाताच्या बोटांत दांडा अलगद धरायचा आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवायची. आता हलले तर दोघं मिळून हलतात. फक्त दांडा मोडू देऊ नका. होयाला पुढचा बहर याच दांड्यावर येतो.

उरलेली थरथर फ्लॅश गिळतो. कमी ताकदीवर त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटी असते. समोर ट्रेसिंग पेपर मात्र हवा, नाहीतर थेंबावर नुसता पांढरा डाग उठतो.

(संगणकाचा पडदा. फोटो मोठा होत जातो.)

हा जमला. थेंब काचेसारखा. लवेचा एकेक केस मोजून घ्यावा.

आणि मागे, धूसर भागात, हा कापसासारखा पांढरा ठिपका...

जरा आणखी मोठं करू.

पिठ्या ढेकूण. झाडाचा रस शोषणारी कीड. महिनाभर रोज पाणी घालताना दिसला नव्हता.

स्पिरिट कुठे ठेवलंय? आणि कापूस.