अंगणवाडी निवडताना भिंती नव्हे, मुलांचे हात बघा

तालुक्याच्या गावात पालकांपुढे सरकारी पर्याय दोन-तीनच असतात. आपल्या वॉर्डातली अंगणवाडी, शेजारच्या वॉर्डातली अंगणवाडी, आणि काही ठिकाणी नगरपरिषदेच्या शाळेला जोडलेली बालवाडी. बहुतेक जण आधी रंगवलेल्या भिंती बघतात. माझं सांगणं, आधी मुलांचे हात कशात गुंतलेत ते बघा.

लसीकरणाच्या किंवा वजनाच्या दिवशी जाऊ नका. साधा दिवस निवडा, अंगणवाडी भरून अर्धा तास झाला की जा आणि तासभर बसा. पटावरची मुलं किती आणि सतरंजीवर किती, ते मोजा. पटावर तीस आणि समोर बारा, असं असेल तर कारण विचारा. कधी खिचडी उशिरा येते, कधी जागा भाड्याची आणि पाण्याविना असते, कधी तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं एकच बडबडगीत म्हणत बसतात आणि मोठी कंटाळून येईनाशी होतात.

मग साहित्य बघा. मणी, ठोकळे, चित्रपुस्तकं मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर आहेत, की पेटीत कुलूपबंद? कुलूप बहुधा हरवण्याच्या भीतीने लागतं, कारण हिशेब सेविकाताईंना द्यावा लागतो. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पाटी-पेन्सिल देऊन अक्षरं गिरवून घेणारी जागा पालकांना आवडते, पण ती मला पटत नाही. बोटांचे स्नायू त्या वयात तयार नसतात. मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि तीच पकड पुढे सुटणं अवघड जाऊ शकतं. माती मळणं, कागद फाडणं, चिंचोके निवडणं, मणी ओवणं ही लिहिण्याचीच तयारी आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडीचं काम परिसरातल्या वस्तूंवरच उभं केलं. त्याला महागडी खेळणी लागली नाहीत.

अंगणवाडीत बालवाडीपेक्षा एक जास्तीची गोष्ट असते, ती म्हणजे वाढीची नोंद. वजनकाटा आधी शून्यावर आणतात का, जाड कपडे आणि चपला काढतात का, हे बघा. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, त्यावरच्याची उंची उभं करून. बऱ्याच मुलांची लागोपाठच्या दोन महिन्यांची वजनं हुबेहूब सारखी दिसली तर काटा वापरलाय का, असं नम्रपणे विचारा. वाढीच्या तक्त्यावर एका ठिपक्यापेक्षा रेघेची दिशा महत्त्वाची. रेघ आडवी झाली की मूल अजून हिरव्या, म्हणजे सामान्य वजनाच्या पट्ट्यात असलं तरी लक्ष द्यायला हवं.

मोबाईलवरची नोंद, सर्वेक्षण, गरोदर मातांच्या भेटी, सगळं एकाच ताईंवर असतं. त्या तासात ताई मोबाईलवर असताना मदतनीस मुलांशी बोलते, गाणं घेते, की फक्त भांडी घासते, यावर दोन अंगणवाड्यांतला बराचसा फरक ठरतो.

शेवटी ताईंना विचारा, आठवडाभर कोण आलं नाही? नाव आणि कारण वही न उघडता आलं, तर ती अंगणवाडी शेजारच्या वॉर्डात असली तरी तिथवर चालत जायला हरकत नाही. मध्ये हायवे ओलांडावा लागत नसेल तर.