सगळ्या दिव्यांची एकच किल्ली

इस्रायलमधील बीरशेबा शहरात २०१६ साली एका कार्यालयीन इमारतीच्या दिशेने एक ड्रोन पाठवण्यात आला. त्यावर बसवलेल्या उपकरणाने सुमारे ३५० मीटर अंतरावरून आतले फिलिप्स ह्यू हे स्मार्ट दिवे ताब्यात घेतले आणि त्यांना मोर्स संकेतात ‘एसओएस’ अशी उघडझाप करायला लावली. हा प्रयोग वाइझमन इन्स्टिट्यूट आणि कॅनडातील डलहौसी विद्यापीठ येथील संशोधकांचा होता. माहिती गुप्त ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए कूटपद्धतीच्या तीन जनकांपैकी एक, अदी शमीर, हेही त्यांच्यात होते.

दुरून दिव्याचा ताबा घेता येणे हा चिपच्या प्रोग्रॅममधला दोष होता. त्याहून गंभीर चूक किल्लीच्या, म्हणजे कूटबद्ध माहिती उलगडणाऱ्या गुप्त अंकांच्या, व्यवस्थापनात होती. दिव्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमध्ये बसवलेला प्रोग्रॅम, एईएस या कूटपद्धतीने कूटबद्ध केलेले होते, आणि ती पद्धत संशोधकांनी भेदली नाही. फर्मवेअर उलगडताना चिप किती वीज ओढते, याचे सूक्ष्म चढउतार त्यांनी काहीशे डॉलरच्या साधनांनी मोजले आणि त्या नोंदींवरून गणिताने किल्लीच शोधून काढली. त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांत तीच किल्ली होती. शिवाय फर्मवेअर उलगडण्यासाठी आणि ते अस्सल असल्याची खूण पटवण्यासाठीही तीच वापरली जात असल्यामुळे, ज्याच्या हाती ती लागली त्याला कंपनीच्या नावाने बनावट फर्मवेअर तयार करता येणार होते. पॅरिसएवढ्या शहरात साधारण १५,००० दिवे विखुरलेले असतील, तर एका दिव्याची लागण शेजारच्या दिव्याला होत होत शहरभर पसरू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. संशोधकांनी कंपनीला आधीच कळवले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्ती आली.

आमच्या मते यातला सर्वांत महत्त्वाचा धडा फर्मवेअरच्या सहीचा, म्हणजे ते अस्सल असल्याच्या डिजिटल खुणेचा आहे. सही करणारी खासगी किल्ली उत्पादकाकडील हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल या किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षित यंत्रातच राहावी आणि उपकरणात फक्त सही तपासणारी सार्वजनिक किल्ली असावी, म्हणजे दिवा फोडून पाहणाऱ्याला बनावट सही करता येत नाही. उपकरणाच्या संदेशांची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी किल्ली मात्र प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच वेगळी द्यावी लागते, ती सुरक्षित चिपमध्ये ठेवावी लागते, आणि उपकरण चोरीला गेले किंवा भंगारात निघाले की तिची मान्यता रद्द करावी लागते.

घरातील स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ साली आलेल्या मॅटर या मानकात प्रत्येक उपकरणाला ओळख पटवणारे स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र असते. परंतु ज्या जुन्या उपकरणांत किल्ली बदलण्याची सोयच ठेवलेली नाही, त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि असे सेन्सर व कुलुपे भिंतीत बसवली की कित्येक वर्षे तिथेच चालू राहतात.