खाऱ्या वाऱ्याचा बोर्ड

(दृश्य: दोना पावला, सकाळ. पाणी सपाट. दूरवर मुरगावच्या बाजूला उभी जहाजं.)

सकाळचे साडेसात-आठ. मांडवी आणि जुवारी या दोन नद्या जिथे समुद्राला मिळतात, त्यांच्या मधलं हे दोना पावलाचं टोक. पाण्यावर लाट नाही, ऊन कोवळं आहे. विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर चालणं, शिकायला आलेल्या माणसाला वाटतं, आत्ताच उतरावं.

आत्ता उतरू नये. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून वारा समुद्राकडे निघालेला असतो, मतलई वारा. काठावर उभं राहून तो जाणवतही नाही, कारण झाडं आणि घरं त्याला अडवतात. पण शंभर मीटर आत गेलं की तो शिडात भरतो आणि बोर्ड किनाऱ्यापासून लांब सरकू लागतो. परत यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर चढावं लागतं, आणि नवशिक्याला नेमकं तेच अजून येत नसतं.

(दृश्य: तोच किनारा, दुपार. माडांची झावळं हलतायत. पाण्यावर बारीक पांढऱ्या शेंड्या.)

अकरा-साडेअकरानंतर जमीन तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत येतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून मेपर्यंत तो बहुतेक वायव्येकडून, म्हणजे किनाऱ्याला तिरका येतो. दमलात, पडलात, शीड सोडून दिलंत, तरी तो तुम्हाला हळूहळू जमिनीकडेच ढकलतो. शिकण्यासाठी याहून चांगला वारा मागायला नको. मार्च-एप्रिलमध्ये तीनच्या सुमाराला तो जोर धरतो, म्हणून पहिले काही दिवस तो नुकता सुरू झालेला असताना पाण्यात उतरावं. सहा ते दहा नॉट वारा पुरे. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.

बोर्ड कुठला घ्यावा, हा प्रश्न सगळे दुकानात किंवा फोनच्या पडद्यावर विचारतात. त्याचं उत्तर या वाऱ्यात आहे, म्हणून आधी वारा दाखवला.

(दृश्य: वाळूवर शीड जोडणं चाललंय. डोलकाठी शिडाच्या कप्प्यात सरकते, बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, आवळला जातो. डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या रबरी सांध्याचं जवळून दर्शन.)

हा सांधा नीट पाहा. डोलकाठी बोर्डवर घट्ट रोवलेली नाही, ती कुठल्याही दिशेला झुकते आणि गोल फिरते. आपल्या होडीला सुकाणू असतं, इथे सुकाणूच नाही. शीड पुढे नाळेकडे झुकवलं की वाऱ्याचा जोर पुढे सरकतो आणि बोर्डचं तोंड वाऱ्यापासून दूर वळतं. मागे झुकवलं की तोंड वाऱ्याकडे येतं. सारी दिशा या झुकण्यात आहे.

ही कल्पना कुणाची, यावर बरेच खटले झाले. इंग्लंडमध्ये पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने 1958 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, फळीवर शीड लावलं होतं. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी 1964 मध्ये असाच बोर्ड बनवला. पण जगभर पसरलं ते कॅलिफोर्नियाच्या हॉयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांचं रूप. त्यांनी 1968 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ड्रेक विमान-अभियंते होते, आणि सांध्याच्या या रचनेत ते दिसतं. पुढे 1985 मध्ये ब्रिटिश न्यायालयाने चिल्व्हर्सच्या बालपणीच्या त्या फळीचा आधार घेऊन तिथलं पेटंट रद्द ठरवलं.

(दृश्य: दोन बोर्ड शेजारी शेजारी वाळूवर. एक रुंद आणि जाड, एक सडपातळ, चकचकीत.)

आता मुद्द्यावर येऊ. या दोन बोर्डांपैकी नवशिक्याचा हात कुठल्याकडे जातो, हे सांगायला नको. सडपातळ बोर्ड देखणा आहे, हलका आहे, त्यावर उड्या मारणारी माणसं आपण व्हिडिओत पाहिलेली असतात.

बोर्डवर एक आकडा छापलेला असतो, लिटरमध्ये. ते त्याचं आकारमान. एक लिटर साधारण एक किलो वजन तरंगवतं; खाऱ्या पाण्यात किंचित जास्त. मग हिशेब करू. माणूस 70 किलोचा. बोर्डचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो. शीड, डोलकाठी आणि बूम मिळून आठ-नऊ. बेरीज नव्वदच्या आसपास गेली. हा माणूस 95 लिटरच्या देखण्या बोर्डवर उभा राहिला तर बोर्ड जेमतेम पाण्याच्या पातळीवर राहील. पाय जरा हलला की एक कड बुडणार. आणि अशा डुगडुगत्या फळीवर उभं राहून त्याला पाण्यात पडलेलं, पाण्याने जड झालेलं शीड दोरीने वर ओढायचंय. ते होत नाही. दहा मिनिटांत कंबर भरून येते, आणि माणूस म्हणतो, हा खेळ आपल्यासाठी नाही. चुकीच्या बोर्डमुळे कितीतरी चांगली माणसं या खेळातून बाहेर पडतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

मग तज्ज्ञ त्याच बोर्डवर कसे चालवतात? लहान बोर्ड मुळात तरंगून चालत नाही, तो वेगावर उचलला जातो. वारा बारा-पंधरा नॉटच्या वर गेला, शीड भरलं, की बोर्ड पाणी कापायचं सोडून पाण्याच्या वरून घसरू लागतो. त्याला प्लेनिंग म्हणतात. वारा पडला की तोच बोर्ड मालकासह अर्धा पाण्याखाली. म्हणून लहान बोर्डवाल्यांना पाण्यात पडल्या-पडल्या वाऱ्याच्याच जोरावर वर चढायची विद्या यावी लागते. ती नंतरची गोष्ट.

पहिल्या बोर्डासाठी आपल्या वजनात साधारण शंभर मिळवा. पन्नास-पंचावन्न किलोच्या मुलीला 150 ते 170 लिटर. सत्तर किलोला 170 ते 200. नव्वदच्या माणसाने 200 ते 220 च्या खाली पाहू नये. हा काटेकोर नियम नाही, पण यात दहा-वीस लिटर वर गेलात तर काही बिघडत नाही. खाली गेलात तर पहिला महिना पाण्यात पडण्यात जाईल.

(दृश्य: वरून घेतलेलं चित्र. रुंद बोर्डवर एक मुलगी शीड वर ओढते आहे. बोर्ड स्थिर.)

आकारमानाइतकीच रुंदी महत्त्वाची. ओंडका पाण्यावर तरंगतो पण पायाखाली फिरतो, परात डुलूनही उलटत नाही. रुंद बोर्ड परातीच्या जातीचा. पंच्याऐंशी सेंटिमीटर ते एक मीटर रुंदीवर पाय पसरून उभं राहता येतं, दोन पावलं चालता येतं, शिडाच्या पलीकडे जाता येतं.

रुंदीची ही किंमत जगज्जेत्यांनाही उशिराच कळली. ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग 1984 मध्ये आलं, महिलांसाठी 1992 मध्ये. 1996 मध्ये हाँगकाँगच्या ली लाय-शानने सुवर्ण जिंकलं, हाँगकाँगचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण. तिचा बोर्ड सुमारे 3.7 मीटर लांब होता आणि रुंदी 63 सेंटिमीटरच्या आसपास. 2008 पासून आला आरएस-एक्स, 2.86 मीटर लांब, 93 सेंटिमीटर रुंद. 2023 च्या हांगझोऊ आशियाई खेळांत भारताच्या ईबाद अलीने कांस्य मिळवलं ते याच आरएस-एक्सवर. आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मार्सेयच्या पाण्यात जो आयक्यूफॉइल उतरला तो जेमतेम 2.2 मीटरचा, पण 95 सेंटिमीटर रुंद. लांबी घटत गेली, रुंदी वाढत गेली. तेव्हा रुंद बोर्डला कुणी शिकाऊ म्हणून हिणवलं तर मनावर घेऊ नका.

आयक्यूफॉइलच्या खाली पंखासारखं पातं असतं, त्याला फॉइल म्हणतात; ते बोर्डला पाण्याच्या वर उचलतं. दिसायला जादू आहे. गोव्याचे डेन आणि कात्या कुएल्यो हे भाऊ-बहीण विंडसर्फिंगमध्ये देशासाठी उतरलेले. पण फॉइलला खाली भरपूर खोल पाणी लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर जाळी असतात. पहिल्या वर्षी त्याचा विचार नको.

(दृश्य: बोर्ड उलटा केलेला. मधल्या फटीतून एक लांब पातं बाहेर येतं, पुन्हा आत जातं.)

बोर्ड निवडताना सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू ही. डॅगरबोर्ड, म्हणजे मधलं पातं. मागचा छोटा फिन, म्हणजे बुडाखालचं स्थिर पातं, वेग आल्यावर बोर्डला धरून ठेवतो. हळू चालताना त्याची पकड नसते, आणि बोर्ड आडवा सरकत राहतो. अर्ध्या तासाने तुम्ही निघाल्या जागेपासून पाचशे मीटर खाली, आणि बोर्ड डोक्यावर घेऊन वाळूतून चालत परत. मधलं पातं खाली सोडलं की सरकणं थांबतं आणि हलक्या वाऱ्यातही वाऱ्याच्या तोंडावर चढता येतं. दुकानदार म्हणेल, हल्ली याची गरज नसते. ज्या किनाऱ्यावर रोज वीस नॉट वाहतात तिथे नसेल. आपल्या किनाऱ्यावर बरेच दिवस वारा बाराच्या आतच राहतो. इथे मधलं पातं असलेला रुंद बोर्ड म्हणजे वर्षातले कितीतरी जास्त दिवस पाण्यावर. मला तर वाटतं, आपल्या खाऱ्या वाऱ्याचा खरा बोर्ड हाच आहे.

शिडाचं थोडक्यात. मोठ्या माणसाला सुरुवातीला चार ते पाच चौरस मीटर, लहान मुलांना दीड ते अडीच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: आठ नॉटचा सोळा झाला की शिडावरचा जोर चौपट. मुलांच्या बाबतीत बोर्ड थोडा मोठा चालेल, शीड मात्र हलकंच हवं. जड शीड ओढून दमलेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

(दृश्य: एका शेडमध्ये जुने बोर्ड रचून ठेवलेले. एक हात बोर्डच्या पाठीवर अंगठ्याने दाबत जातो.)

भारतात हे सामान मुख्यतः बाहेरून येतं, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने क्लबच्या किंवा शिकवणाऱ्याच्या बोर्डवर काढणं शहाणपणाचं. त्यानंतर जुना बोर्ड मिळाला तर जरूर पाहा, पण हाताने पाहा. पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने दाबत जा. दबली किंवा कुरकुरली, तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटलाय. तो बोर्ड सोडून द्या. डोलकाठीची खाच आणि फिनचा कप्पा, दोन्हीकडे बारीक तडे शोधा. वजन करा. छापील वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरलं तर आत पाणी आहे. मधलं पातं वर-खाली करून बघा, अडकत असेल तर त्या फटीत वाळूने घर केलंय, ते साफ होऊ शकतं. नाकावरचे ओरखडे आणि बुजवलेले खड्डे यांना घाबरू नका, तिथे डोलकाठी आपटतेच.

आणखी एक गोष्ट या हवेतली. बहुतेक बोर्ड आतून फोमचे, वरून काच-तंतू आणि इपॉक्सीचे. एप्रिलच्या उन्हात वाळूवर पडलेल्या बोर्डच्या आतली हवा फुगते आणि थर सुटतात. माडाखाली ठेवा, काळं कापड घालू नका. जांभ्याच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, ती बोर्डही चिरतात आणि तळपायही. पायात बूट हवेतच. क्लबमधले जाड प्लास्टिकचे बोर्ड जड असतात, पण असा किनारा तेच सोसतात.

(दृश्य: किनाऱ्यावर रापण ओढली जातेय. मागे, दूर, एक रंगीत शीड.)

समुद्र आपल्या एकट्याचा नाही. रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं लागलेलं असेल तर त्याच्या आतून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. त्या दोरांवर अनेक घरांचा दिवस अवलंबून असतो. उतरण्याआधी रापणकरांना वारा आणि पाणी विचारा. नदीच्या मुखाशी उधाणाची ओहोटी किती जोरात बाहेर ओढते, ते त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी चालू असताना मुखाजवळ शिकू नये. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचंच नाही. लाइफ जॅकेट नेहमी, आणि काहीही झालं तरी बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. दोनशे लिटरचा बोर्ड तुम्हाला तासन् तास तरंगत ठेवेल. शीड गुंडाळून त्यावर पालथं पडा आणि हातांनी वल्हवत या.

(दृश्य: दुपार कलते आहे. तीच मुलगी वळण घेऊन परत येते, शीड एका हालचालीत पलीकडे.)

दोन्ही दिशांनी जाऊन निघाल्या जागी परत येता आलं, शीड न पडता वळता आलं, हार्नेस, म्हणजे शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा, बांधून चालवता आलं, की दुसऱ्या बोर्डचा विचार सुरू करा. सत्तर किलोच्या माणसाला 130 ते 145 लिटर, रुंदी पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास, सोबत साडेसहा-सात चौरस मीटरचं शीड. मार्च-एप्रिलच्या तीनच्या वाऱ्यात त्यावर प्लेनिंग येईल. पण तो घ्यायला पहिला बोर्ड विकू नका. डिसेंबरच्या मंद दुपारी तुम्ही त्याच्यावरच चालवाल, आणि घरातलं पुढचं माणूस त्याच्यावरच शिकेल.