वादी केल्ट : सावलीची दरी

(दृश्य : पहाट. ओसाड टेकड्या. वारा. लांबून गाढवाच्या गळ्यातली घंटी.)

यरुशलेम मागे पडतं, बस पूर्वेला वळते आणि थोड्याच वेळात हिरवा रंग संपतो. दोन्ही बाजूंना फिकट टेकड्या, भाकरीच्या पापुद्र्यासारख्या. कुठे तडकलेल्या, कुठे करपलेल्या.

मी नगर जिल्ह्यातली. पाऊस नसणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. शाळेत भूगोलाच्या तासाला एक शब्द घोकला होता, ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. सह्याद्री ढग अडवतो, पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर पडून जातो, आमच्याकडे येतो तो नुसता वारा. यहूदाचं अरण्य, म्हणजे यरुशलेमच्या पूर्वेचं हे ओसाड रान, तसंच घडलंय. भूमध्य समुद्रावरून आलेले ढग यरुशलेमच्या डोंगरांवर रिते होतात. तिथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि खाली यरीहो शहरात जेमतेम 150. डोंगराची सावली पडते ती अशी.

(दृश्य : वळणावळणाचा रस्ता.)

बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानात, 10व्या अध्यायात, प्रभू येशू एक दृष्टान्त सांगतात. एक माणूस यरुशलेमेहून खाली यरीहोकडे चालला होता आणि लुटारूंच्या हाती सापडला. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टीतल्या ‘खाली’ या शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, तर यरीहो सपाटीच्याही 250 मीटर खाली. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरांत हजार मीटरचा उतार! रोमन काळातली वाट या दरीच्या कडेकडेनंच जायची. प्रत्येक वळणाआड दबा धरायला जागा. ऐकणाऱ्यांना तो रस्ता पाठ होता, त्यावरची भीतीही पाठ होती. म्हणून तर मंदिराची सेवा करणारे याजक आणि लेवी त्या जखमी माणसाला टाळून बाजूनं का निघून गेले, हे ऐकणाऱ्यांना लगेच कळलं असणार. थांबला तो परका, यहुदी ज्यांना आपलं मानत नसत त्यांतला, शोमरोनी.

(दृश्य : कड्यावरचा क्रूस. कॅमेरा हळूहळू खाली दरीत.)

इथे बस थांबते. पुढे पायवाट.

या दरीला अरबीत वादी केल्ट म्हणतात. चुनखडीचे उभे कडे, आणि तळाशी एक हिरवी रेघ. आधी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. ऐन फारा, ऐन फव्वार, ऐन केल्ट असे झरे आहेत इथे. हेरोद राजाच्या काळात याच पाण्याचे पाट यरीहोतल्या राजवाड्यांपर्यंत नेले होते. पावसाळ्यात मात्र ही दरी दगा देते. डोक्यावर निळं आभाळ असतं, पाऊस पडतो वर डोंगरात, आणि लोंढा इथे येतो.

समोरच्या कड्याला चिकटून उभा आहे संत जॉर्जचा मठ. पाचव्या शतकात थोडे संन्यासी इथल्या गुहांत राहायला आले आणि त्यांच्यामागून मठ उभा राहिला. 614 साली पर्शियन सैन्यानं तो उद्ध्वस्त केला, साधूंना मारलं. त्यांच्या कवट्या आजही आत जपून ठेवल्या आहेत. मधली कित्येक शतकं हे भिंतींचे अवशेष ओसाड पडून होते. 1878 मध्ये एका ग्रीक साधूनं पुन्हा बांधायला घेतलं, ते काम 1901 पर्यंत चाललं. तेवीस वर्षं! या कड्यावर एकेक दगड चढवायचा म्हणजे काय, ते इथे उभं राहिल्यावर समजतं.

(दृश्य : मठातली गुहा. मेणबत्त्या.)

परंपरा सांगते, एलीया संदेष्टा याच गुहेत लपला होता. कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देत. ही गोष्ट आम्ही रविवारच्या शाळेत नाटक करून दाखवायचो, कावळा व्हायला भांडायचो. पण त्याच्या पुढचं वाक्य नाटकात कधी आलं नाही. काही दिवसांनी तो ज्याचं पाणी पीत होता तो ओहोळ आटला, कारण देशात पाऊस पडला नव्हता. देवानं पाठवलेल्या माणसाचाही ओहोळ आटतो. ते वाक्य मी या गुहेत दोनदा वाचलं.

(दृश्य : दरीचा तळ. अर्धी उन्हात, अर्धी सावलीत.)

यात्रेकरू मानतात की बायबलमधल्या 23व्या स्तोत्रातली ‘मृत्युच्छायेची दरी’ ती हीच. शास्त्रात दरीचं नाव नाही. पण दावीद मेंढपाळ होता, बेथलेहेमचा. अशा दऱ्या त्यानं पायाखाली घातल्या असतील, एवढं नक्की.

माझी आजी रोज रात्री कंदील बारीक करून हे स्तोत्र म्हणायची. 1972च्या दुष्काळात तिनं दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. स्तोत्र म्हणताना दरीच्या ओळीशी तिचा आवाज बदलायचा. शेजारी कुणी बसलंय आणि ती त्याच्याशी बोलतेय, असं वाटायचं मला. का, ते या दरीत उतरताना कळलं. स्तोत्राच्या सुरुवातीला दावीद परमेश्वराविषयी बोलतो. तो मला कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दरी येते आणि ‘तो’ जातो. तिथे ‘तू माझ्याबरोबर आहेस’ येतं. आजीनं हे कुठल्या प्रवचनात ऐकलं नसावं. खडीच्या ढिगाशी बसून तिला ते सापडलं असणार.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही कड्याच्या सावलीत टेकलो. दगड गार होता. सकाळपासून ज्या शब्दाची मला धास्ती वाटत होती, त्याच छायेत आम्ही डबे उघडले. पाणी टिकतं तेही या सावलीतच. समोरच्या कपारीत काळे पक्षी बसले होते, उडाले की पंखांतला नारिंगी पट्टा चमकायचा. वर, सरळ कड्यावर, एक रानबकरा उभा होता.

(दृश्य : परतीची चढण.)

वर येताना आमच्यातल्या एका मावशींचे गुडघे आखडले. पाऊल उचलेना. वाटेवर बदावी, म्हणजे भटक्या अरब जमातीची, मुलं गाढवं घेऊन उभी असतात, त्यांतला एक धावत आला. असेल बारा-तेरा वर्षांचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यानं मावशींना गाढवावर बसवलं, लगाम हातात घेतला. मावशी डोळे मिटून पुटपुटायला लागल्या, “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे...” मुलगा एकदा त्यांच्याकडे बघून हसला, “यल्ला, यल्ला” म्हणाला, आणि वळसा घालून गाढवाच्या दुसऱ्या अंगाला गेला. दरीच्या बाजूला.

वर पोचेपर्यंत तो त्याच बाजूनं चालत होता.

(घंटीचा आवाज. पडदा काळा.)