कोल्हापूरचा कलेक्टर

(दृश्य: नागाळा पार्कातील जिल्हाधिकारी कार्यालयाबाहेरची सकाळची वर्दळ)

या इमारतीवरील फलकावर 'जिल्हाधिकारी कार्यालय' असे लिहिलेले असले, तरी शाहूवाडीहून किंवा आजऱ्याहून कामासाठी आलेला माणूस रिक्षावाल्याला सांगतो ते 'कलेक्टर ऑफिस' असेच. 'कलेक्टर' या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे: गोळा करणारा, म्हणजेच वसुली करणारा. रेल्वे स्थानकावर तिकिटे तपासणाऱ्या 'टी.सी.'मधील दुसरे अक्षरही याच शब्दाचे आहे, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली आणि 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्यांचा महसूल वसूल करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना हे पदनाम दिले. कंपनीला त्या वेळी हवा होता तो शेतसारा. त्यामुळे पदाचे नावही कामावरूनच पडले. पुढे याच अधिकाऱ्याकडे न्यायाचे काम द्यावे की नाही, यावर कंपनीचे धोरण अनेकदा बदलले. कधी अधिकार दिले गेले, कधी ते गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये केले तसे काढूनही घेतले गेले. नाव मात्र कायम राहिले.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर पुणे, अहमदनगर, खानदेश या मुलखांत कलेक्टर आले. कोल्हापुरात ते आले नाहीत, कारण येथे छत्रपतींचे संस्थान होते. इंग्रजांच्या वतीने येथे पोलिटिकल एजंट असे आणि 1933 पासून रेसिडेंट. संस्थानचा स्वतःचा कारभार दिवाण, सरसुभे, मामलेदार आणि महालकरी पाहत. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जो आदेश काढला, तोही याच पदांच्या व्यवस्थेत राबवला गेला. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यानंतर जिल्ह्याचा प्रमुख म्हणून कलेक्टर आला. म्हणजे कंपनीच्या काळातला नुसता वसुलीदार कोल्हापूरने पाहिलाच नाही. ज्याच्या हाती बरेच काही आधीच एकवटले होते, असा अधिकारी त्याला तयार मिळाला.

(दृश्य: एकाच अधिकाऱ्याच्या सहीचे वेगवेगळे आदेश)

हे कागद जवळून पाहण्यासारखे आहेत. जमिनीच्या प्रकरणात सहीखाली 'जिल्हाधिकारी' असते आणि त्याचा आधार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हा असतो. जमावबंदीच्या आदेशाखाली 'जिल्हादंडाधिकारी' येते. मतदार याद्या आणि मतदानाच्या कागदांवर तीच व्यक्ती 'जिल्हा निवडणूक अधिकारी' होते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांची इशारा रेषा ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली, की 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे स्थापन झालेल्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून त्याच कार्यालयाकडे साऱ्या जिल्ह्याचे कान लागतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत चिखली-आंबेवाडीच्या लोकांना कलेक्टर आठवला तो याच नात्याने. शेतसारा कोणाच्या डोक्यात असण्याचे कारणच नव्हते.

कलेक्टरच्या खालच्या उतरंडीत लोकांनी पदनामे स्वतःच्या सोयीने वळवून घेतली आहेत. उपविभागीय अधिकाऱ्याला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही. ते 'प्रांत' असतात. मंडल अधिकारी हे 'सर्कल' असतात, आणि "आज सर्कल येणार हाईत पंचनाम्याला" हे वाक्य गावात कोणालाही खटकत नाही. प्रांत काय किंवा सर्कल काय, दोन्ही शब्द मुळात क्षेत्राचे. ते सरळ माणसाला चिकटले. सरकारी कोशातील कोणत्याही पदनामाला हे भाग्य लाभले नाही, असे आमचे मत आहे. कलेक्टर हा शब्द तर ऐट दाखवण्यासाठीही चालतो: "लई मोठा कलेक्टर लागून गेलास व्हय?"

(दृश्य: चंदगडहून बेळगावकडे जाणारा रस्ता)

चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता आणि मुंबई राज्यातील बेळगावचा प्रमुख तेव्हा कलेक्टरच होता. राज्य पुनर्रचनेत चंदगड कोल्हापूरकडे आले, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तेथे जिल्हा प्रमुखासाठी 'डेप्युटी कमिशनर' हे पदनाम लागू झाले. म्हैसूरवर 1831 पासून अर्धशतक इंग्रजांच्या कमिशनचा अंमल होता. त्या व्यवस्थेत जिल्ह्याचा अधिकारी कमिशनरच्या हाताखालचा, म्हणून डेप्युटी. कोल्हापूरच्या वाचकाने त्याचे शब्दशः 'उपायुक्त' केले, तर त्याच्यासमोर महापालिकेत आयुक्तांच्या हाताखाली काम करणारा अधिकारी उभा राहील आणि बेळगावच्या जिल्हा प्रमुखाचा दर्जा अकारण खाली येईल. सीमाभागातील मराठी वृत्तपत्रे म्हणूनच पाटीवरचे इंग्रजी नाव बाजूला ठेवतात आणि बेळगावच्या अधिकाऱ्यालाही 'जिल्हाधिकारी' असेच छापतात.