कमरेला बांधता येईल असा स्वेटर

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या दोन काकांनो, नमस्कार. बाहेर ऑक्टोबर हीट आहे, डोक्यावर पंखा पाचवर फिरतोय आणि मी तुमच्याशी स्वेटरबद्दल बोलणार आहे. हसा खुशाल. पण कार्तिकात काकडआरतीला अंगात हवा असेल, तर टाके आत्ताच घालायला लागतात.

आपला शरद जरा विचित्र असतो. नोव्हेंबरात पुण्यात पहाटे १५ अंश असतात आणि दुपारी ३०. सकाळी सातला ज्याच्यावाचून चालत नाही, तोच स्वेटर साडेदहाला अंगाला चिकटतो. परदेशी नमुने बेतलेले असतात ते अंगात घातला की दिवसभर राहील अशा हवेसाठी. म्हणून मी बेतायला बसते तेव्हा आधी काढण्याचा विचार करते. भरल्या बसमध्ये, चष्मा न काढता, शेजारणीला कोपर न मारता निघेल का? डोक्यातून घालायचे बंद गळ्याचे स्वेटर इथेच बाद होतात. पुढून उघडा, बटणांचा हवा. आणि काढल्यावर तो जाणार कुठे? पर्समध्ये मावला पाहिजे, नाहीतर कमरेला बांधता आला पाहिजे. चार पदरी बारीक लोकरीत माझा स्वेटर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास बसतो. त्याहून जड झाला तर माणूस तो घरीच ठेवतो.

लोकर म्हटलं मी, पण दुकानात आपण ‘लोकर द्या’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच घरी येतं. त्याला नावं ठेवायला नकोत, धुवायला सोपं आणि स्वस्त असतं. फक्त त्यात घाम मुरत नाही. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. थंडी आणि घाम एकाच सकाळी सोसायचा असेल, तर हा फरक पाठीला लगेच कळतो. खरी लोकर परवडत नसेल तर सुती धागा मिसळलेली घ्या.

आता दुचाकीचं. स्वेटर म्हणजे शेवटी भोकांचं कापड. घरात ऊब देतं आणि सकाळी गाडी सुरू केली की वारा आरपार. जर्किन उलटं, पाठीकडून घालून गाडी चालवणारे लोक तुम्ही पाहिले असतील. मला त्यांचं हसू येत नाही, ते बरोबर करतात. त्यावरूनच मी स्वेटरचे पुढे, म्हणजे बटणपट्टीचे समोरचे दोन भाग, आणि पाठ वेगवेगळ्या विणीत करायला लागले. पाठ साधी, एक ओळ सुलट, एक उलट. दोन्ही पुढे घट्ट: एक टाका सुलट विणायचा, पुढचा न विणता धागा समोर ठेवून नुसता सुईवर घ्यायचा, परत एक सुलट. उलट्या ओळीला तसंच, फक्त सुलटच्या जागी उलट टाका, धागा मागे, आणि आधीच्या ओळीत न विणलेला टाका या वेळी विणायचा. जवळजवळ हातमागाच्या कापडासारखं दाट होतं. अंगठा दाबून पाहा, वीण हलत नाही. पण काम फार हळू सरकतं, आणि सुई एक नंबर जाड घ्यावी लागते. पुढ्याच्या ओळी पाठीपेक्षा कितीतरी जास्त होतात, म्हणून ओळी मोजत बसू नका, टेप लावा.

नंबरावरून आठवलं. आपल्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या असतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकन नंबर नेमके उलटे. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा एका अमेरिकन नमुन्यात ‘८ नंबर’ वाचून मी आपली आठ नंबरची सुई घेतली. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आपली ४. नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके होते, माझे पडले २२. घेराचे १८० टाके होते, त्यात १०० सेंटिमीटरचा स्वेटर ८२चा झाला. नवऱ्यासाठी विणला होता, तो बारा वर्षांच्या भाच्याने दोन हिवाळे घातला. नवरा अजून विचारतो, माझा कधी?

बाहीसाठी मी एलिझाबेथ झिमरमन यांचं गणित वापरते. या बाई जन्माने इंग्लंडच्या, अमेरिकेत विस्कॉन्सिनला स्थायिक झाल्या. छातीच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के, बाकी सगळं त्याच्या हिशेबात. मनगटाला २० टक्के, दंडाला ३३. म्हणजे २८० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ५६. मी मात्र २५ टक्के घेते, ७० टाके. दहा वाजता बाही कोपरापर्यंत सरकवता आली पाहिजे ना! तेवढ्यासाठी अख्खा स्वेटर काढायला कोण बसतंय?

काय म्हणालात मावशी? घोंगडीची लोकर? विणता येईल, पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि टोचरी असते. घोंगडीला वर चिंचोक्याची खळही देतात. ती पांघरायलाच शोभते. गळ्याशी आली तर दिवसभर खाजवत बसाल. पिशवी विणा तिची, उत्तम होईल.

आता पिशव्या उघडा. दहा नंबरची सुई, चाळीस टाके, चौकोन विणायचा. घरी नेऊन धुवा, वाळवा, आणि मगच १० सेंटिमीटरला किती टाके पडले ते मोजा, न धुतलेला चौकोन फसवतो. काका, तुमच्या सुया कुठेत? या माझ्या घ्या.