तीनदा बांधलेली लाल बस

श्रोतेहो, नमस्कार.

१५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची जुन्या बांधणीची शेवटची डिझेल डबलडेकर मुंबईच्या रस्त्यावरून धावली. १९३७ साली मुंबईत आलेल्या या दुमजली गाड्यांच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी जागा मिळावी म्हणून लहानपणी जिन्यावरून धावत सुटलेल्या असंख्य मुलांपैकी मी एक. गाडी बंद होणार हे कळल्यावर तिची एक प्रतिकृती आपल्या हातांनी करून घरात ठेवावी असे मला वाटले, आणि त्यासाठी मी निवडले ते लेगोचे प्लॅस्टिकचे ठोकळे. खोक्यावर जे चित्र असेल तेच आतल्या पुस्तिकेबरहुकूम जोडायचे, हा या खेळाचा सर्वांना माहीत असलेला प्रकार. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे आपल्याला हवी ती वस्तू जवळच्या तुकड्यांतून स्वतः योजून बांधणे, मोडणे आणि पुन्हा बांधणे यांविषयी. या छंदातली मंडळी अशा कृतीला 'मॉक' म्हणतात. 'माय ओन क्रिएशन' या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

आधी ठोकळ्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्याच्या मापांवर उभे आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली. 'चांगले खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून त्याने 'लेगो' हे नाव बनवले. त्याच्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे बाहेर पडले ते १९४९ साली, आणि तेही सर्वस्वी स्वतःच्या डोक्यातून नव्हेत. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे तसेच ठोकळे त्याआधीच बाजारात होते. हे सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ असत. ते एकमेकांवर बसत, पण एकमेकांना नीट धरून ठेवत नसत. २८ जानेवारी १९५८ रोजी ओले किर्क यांचे चिरंजीव गोटफ्रेड यांनी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या होत्या. ठोकळ्याच्या माथ्यावरच्या गोल बटणांना स्टड म्हणतात. खालच्या ठोकळ्याचे स्टड वरच्या ठोकळ्याच्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये अडकतात आणि घट्ट बसतात, तरीही लहान मुलाच्या बोटांनी ते सुटू शकतात. १९६३ पासून ए.बी.एस. हे प्लॅस्टिक वापरात आले आणि ठोकळ्यांचा आकार वर्षानुवर्षे टिकू लागला. मापे बदलली नाहीत, म्हणून १९५८ च्या रचनेचा जुना ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

आता मापे. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, आणि त्याचा चपटा भाऊ म्हणजे प्लेट, त्याची उंची ३.२ मिलिमीटर. तीन प्लेट म्हणजे एक ठोकळा, हे कोणतेही मूल न शिकवता ओळखते. दुसरे नाते मात्र सहसा वयाने मोठे झाल्यावर लक्षात येते: पाच प्लेटांची चळत १६ मिलिमीटर भरते, आणि दोन स्टडांची रुंदीही तितकीच असते. म्हणजे पाच प्लेटांचा जुडगा आडवा करून दोन स्टडांच्या खाचेत ठेवला, तर तो तंतोतंत बसतो. या एका जुळणीमुळे ठोकळे केवळ खालून वर न रचता बाजूला, पुढे आणि उलटेही रचता येतात. हे गणित कळण्यापूर्वी मी दोन बसगाड्या बांधल्या, आणि त्या कशा फसल्या तेच सांगण्याजोगे आहे.

पहिली बस मी सहा स्टड रुंदीची केली. लहान संचांतल्या मोटारी साधारण तेवढ्या असतात, म्हणून ती सवयीची निवड होती. अडचण आली ती प्रवाशांची. १९७८ पासून मिळणाऱ्या लेगोच्या पिवळ्या चेहऱ्याच्या बाहुल्या सुमारे ४० मिलिमीटर उंच आहेत, आणि त्यांना उभे राहता यावे म्हणून प्रत्येक मजल्याला किमान १४ प्लेटांची मोकळी उंची लागते. असे दोन मजले, खालचा सांगाडा, मधली जमीन आणि छत मिळून ३६ प्लेट झाल्या. सहा स्टड म्हणजे ४८ मिलिमीटर रुंद आणि ११५ मिलिमीटर उंच! कोणी काडेपेटी उभी करून तिला चाके लावावीत, तसे ते दिसत होते. घरी आलेल्या एका पाहुण्यांनी तिला लिफ्ट समजून दाद दिली.

तेव्हा मी कागद घेऊन बसले. खऱ्या दुमजली बसची रुंदी अडीच मीटरांच्या आणि उंची साडेचार मीटरांच्या आसपास धरली, तर उंची ही रुंदीच्या १.८ पट भरते. ११५.२ मिलिमीटरांना १.८ ने भागले की ६४ मिलिमीटर येतात, म्हणजे बरोबर आठ स्टड. असे आकडे इतके चपखल क्वचितच जुळतात. एरवी अर्ध्या प्लेटसाठी माणूस रात्र रात्र जागतो. यावरून प्रमाण निघाले ते साधारण एकास एकोणचाळीस. खरे चाक मीटरभर व्यासाचे मानले, तर प्रतिकृतीचे चाक पंचवीस-सव्वीस मिलिमीटर हवे, आणि जवळचा मिळणारा टायर २४ मिलिमीटरचा. तो मी पत्करला. चाक जरा लहान असले तर गाडी थोडी जडशीळ वाटते, आणि डबलडेकरला ते शोभूनही दिसते.

रुंदीचा प्रश्न सुटला, तरी बाहुल्यांचा सुटला नाही. या बाहुल्या उंचीच्या मानाने फारच रुंद आहेत. त्यांच्या उंचीवरून काढलेले प्रमाण आणि रुंदीवरून काढलेले प्रमाण कधीच एक येत नाही. आठ स्टडांतून दोन्ही बाजूंच्या भिंतींचा एकेक स्टड वजा केला की आत सहा उरतात. त्यात मधली वाट ठेवून दोन्ही बाजूंना दोघांची बाके बसवणे अशक्य. माझ्या बसमध्ये म्हणून प्रत्येक बाकावर एकच प्रवासी बसतो. मुंबईत अशी बस कोणी पाहिली नसेल, पण बाकांच्या रांगा आणि मधली वाट दिसत असली की डोळा तेवढ्यावर समाधान मानतो, असा माझा अनुभव आहे. स्वतः योजलेल्या प्रतिकृतीत काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हे ठरवण्यातच अधिक वेळ जातो, आणि जो काहीच सोडायला तयार नसतो त्याची बस सहसा पुरी होत नाही.

दुसरी बस दिसायला चांगली झाली, उचलायला मात्र वाईट. ती टेबलावरून कपाटात ठेवण्यासाठी मी वरून धरून उचलली, आणि वरचा मजला हातात आला, खालचा टेबलावरच राहिला. कारण उघड होते. खिडक्यांमधले खांब मी एकावर एक सरळ चढवत नेले होते, त्यामुळे एका थराच्या सांध्यावर दुसऱ्या थराचा सांधा येत होता. विटांची भिंत रचणारा कोणताही गवंडी असे होऊ देत नाही. तो वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर ठेवतो. मधली जमीनही मी प्लेटांच्या एकाच थराची केली होती, आणि ती बसच्या लांबीभर झोळीसारखी खाली झुकत होती. दुसऱ्या थराच्या प्लेटा पहिल्या थराच्या सांध्यांवरून आडव्या टाकल्यावर तीच जमीन फळीसारखी ताठ झाली.

येथे संगणकाचा उल्लेख करायला हवा. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये एलड्रॉ नावाची प्रणाली तयार केली, आणि ठोकळे पडद्यावर रचता येऊ लागले. १९९७ साली तो वारला, पण त्याने ठरवलेले एकक आजही चालते. त्या एककात स्टडचे अंतर २०, ठोकळ्याची उंची २४ आणि प्लेटची ८ असते, त्यामुळे दशांश चिन्हाचा त्रास उरत नाही. आज अशी मोफत सॉफ्टवेअर आहेत, ज्यांत अमर्याद तुकडे घेऊन रचना करता येते, लागणाऱ्या तुकड्यांची यादी निघते आणि पानापानाची पुस्तिकाही बनते. सुटे तुकडे विकणाऱ्यांची ब्रिकलिंक ही बाजारपेठ २००० साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती लेगो कंपनीनेच विकत घेतली. मी दुसरी बस आधी पडद्यावर बांधली होती. पडद्यावर ती झुकली नाही. माझ्या बोटांनी ज्या जागी दाब द्यायला हवा होता तेथे बोट पोहोचतच नाही, हेही पडद्याने सांगितले नाही. म्हणून आता मी उलट करते. अवघड भाग, म्हणजे जिना, गाडीचे तोंड आणि चाकांवरच्या कमानी, आधी हाती असतील त्या रंगांच्या तुकड्यांनी वेगवेगळे बांधून पाहते, आणि मग पडद्यावर उतरवते. टेबलावर तेव्हा हिरवे, निळे, करडे असे चमत्कारिक कडबोळे दिसते. घरातल्यांना त्यात बस दिसत नाही, पण माझे काम चालते.

गाडीचे तोंड हा तिसऱ्या बांधणीतला सर्वांत रसाळ भाग. दुसऱ्या बसचे तोंड सपाट होते आणि त्यावर वर पाहणारे स्टड पायऱ्यांसारखे दिसत. तिसऱ्या वेळी मी बाजूला स्टड असलेले ठोकळे आणि काटकोनी ब्रॅकेट वापरून सगळा दर्शनी भाग आडवा केला, म्हणजे त्याचे स्टड आकाशाकडे न राहता गाडीच्या पुढच्या दिशेला आले, आणि त्यांवर टाइल, म्हणजे माथ्यावर स्टड नसलेल्या गुळगुळीत चपट्या तुकड्या, बसवल्या. पाच प्लेटांना दोन स्टड हे मघाचे गणित येथे उपयोगी पडले. ब्रॅकेटचा उभा पत्रा अर्ध्या प्लेटएवढा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाड असतो, तोही हिशेबात धरावा लागतो. मी आधी तो विसरले होते आणि दिवे भिंतीच्या बाहेर डोकावत होते.

याच वेळी एक मोह आवरावा लागला. स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर आहे, म्हणजे दोन स्टडांमधली फट ३.२ मिलिमीटर उरते, अगदी प्लेटच्या जाडीएवढी. त्या फटीत प्लेट उभी खोचली तर ती बसते, आणि समोरच्या काचेमधला बारीक खांब फुकटात मिळतो. पण तेथे तसूभरही सैलपणा नसल्याने तुकडे कायम ताणाखाली राहतात. कंपनीचे रचनाकार अशी जोडणी त्याज्य मानतात. मी ती एक दिवस ठेवली आणि काढून टाकली.

मार्ग क्रमांकाची पाटी मात्र मी ठोकळ्यांची केली नाही. या आकारात देवनागरी अंक तुकड्यांतून उमटवणे मला जमले नाही, म्हणून हाताने लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाइलवर डकवली. कट्टर मंडळी यावर नाक मुरडतात. मराठी अंक नसलेली बेस्टची बस मला अधिक खटकली असती.

मोडण्याविषयी दोन शब्द. दोन चपट्या प्लेटा दातांनी सुट्या करणाऱ्यांच्या ठोकळ्यांवर जन्मभर खुणा राहतात. त्यासाठी मिळणारी छोटी पाचर जवळ ठेवावी. सुटलेले तुकडे रंगावरून नव्हे, तर आकारावरून वेगळे करावेत. लाल तुकड्यांच्या ढिगात एक विशिष्ट लाल तुकडा हुडकणे जिकिरीचे असते. एकाच आकाराच्या तुकड्यांत लाल रंग चटकन डोळ्यांत भरतो. बारीक तुकड्यांसाठी मी जुना मिसळणाचा डबा वापरते, मोहरी-हळदीच्या वाट्यांत दिवे, कड्या आणि बिजागऱ्या ठेवलेल्या असतात. मळलेले ठोकळे साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे, आणि ते उन्हात मुळीच वाळवू नयेत, कारण उन्हाने पांढरा तुकडा पिवळा पडतो.

दर दिवाळीला अंगणात दगडमातीचा किल्ला करून तो मोडणाऱ्या आपल्या मुलांना हे मोडणे नवीन नाही. फरक एवढाच की मातीच्या बुरुजाची माती होते. ठोकळ्याच्या बुरुजातून पुन्हा तेच ठोकळे मिळतात. दोन बाय चार स्टडांचे एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे किती प्रकारे जोडता येतील, याची गणिती मोजणी डेन्मार्कमधील गणितज्ञांनी संगणकावर केली आहे. उत्तर आहे ९१,५१,०३,७६५. माझ्या बसमध्ये सहापेक्षा बरेच जास्त ठोकळे आहेत, आणि त्यांतली जी जोडणी मला हवी होती ती तिसऱ्या खेपेस हाती आली.

तिच्या मागच्या बाजूला वळणारा जिना आहे. वरचा मजला आता चारच स्टडांवर अलगद टेकलेला आहे, बाकी सर्वत्र टाइल आहेत, त्यामुळे तो मुद्दाम उचलून आतली बाके पाहता येतात. बस उचलताना मात्र खालचा सांगाडा धरावा, एवढे पाहुण्यांना सांगावे लागते. वरच्या पुढच्या बाकावर एक लहान बाहुली बसवली आहे. तिचे पाय आखूड असल्याने तिला त्या काचेतून जेमतेम दिसते. काचेखालची पट्टी एका प्लेटने उतरवली तर तिला रस्ता नीट दिसेल, पण मग दिव्यांची ओळ हलते आणि तोंड पुन्हा उघडावे लागते. लाल रंगाच्या दोन टाइल कमी आहेत. त्या आल्या की उघडणार आहे.

नमस्कार.